मान दुखतेय, पण दबलंय काय?

अगं, तो एमआरआयचा रिपोर्ट आता सारखा उघडून वाचू नकोस. ‘झीज’, ‘चकती सरकली’ असे शब्द दिसले की पोटात गोळा येतो, कळतं मला. पण चाळिशीनंतर, मान कधीच न दुखलेल्या कितीतरी जणांच्या एमआरआयमध्येही हेच दिसतं. तुझा त्रास आणि डॉक्टरांनी हातापायांची ताकद पाहून केलेली तपासणी त्या रिपोर्टशी जुळते का, हे महत्त्वाचं.

डॉक्टरांना आधी एवढंच विचार: दबलंय काय? हातात जाणारी नस, की मज्जारज्जू?

नस दबली असेल तर कळ दंडातून बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात, रात्र बसून काढावी लागते. तरीही बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतार पडतो. नसेची सूज ओसरते आणि बाहेर आलेला चकतीचा भाग बरेचदा शरीरच शोषून घेतं. स्वीडनमध्ये अशा 81 रुग्णांवर ऑपरेशन, फिजिओथेरपी आणि कॉलर यांची तुलना झाली होती. 1997 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर मिळाला, पण वर्षानंतर तिन्ही गटांच्या वेदनेत फारसा फरक उरला नव्हता. म्हणून हातातली ताकद शाबूत असेल तर घाई करू नकोस. गोळ्या वेळेवर घे, फिजिओने शिकवलेले व्यायाम बरं वाटल्यावरही चालू ठेव. कॉलर थोडे दिवसच. सतत घातली तर मानेचे स्नायू दुबळे होतात. आणि कुणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नकोस. हातापायांना मुंग्या असतील तर बी-12 आणि साखरही तपासून घे.

मज्जारज्जू दबला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बरेचदा मान फारशी दुखतही नाही, म्हणूनच फसायला होतं. ब्लाउजचे हुक लागेनासे होतात, अक्षर बिघडतं, हातातून वस्तू निसटतात, जिना उतरताना तोल जातो. ही लक्षणं वाढत असतील तर ‘आणखी महिनाभर मालीश करून बघू’ म्हणू नकोस. इथे ऑपरेशनचा मुख्य हेतू पुढचं नुकसान थांबवण्याचा असतो. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. हात एकाएकी लुळा पडला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

ऑपरेशन ठरलंच तर सर्जनला नीट विचार: पुढून करणार की मागून? मणके जोडणार की कृत्रिम चकती बसवणार? पुढून केलं तर काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसू शकतो. मणके जोडल्यावर पुढे शेजारच्या चकत्यांचा त्रास उद्भवू शकतो. हे सगळं शांतपणे समजावून सांगणारा डॉक्टर निवड. घाई नसेल तर दुसऱ्या सर्जनचंही मत घे. त्यात कुणाचा अपमान नाही.

घरात कुणीतरी म्हणेलच, ‘मणक्याला चाकू लावला की माणूस अंथरुणाला खिळतो.’ धोका शून्य नाही, हे खरं. पण मज्जारज्जू दबलेला असताना या भीतीपोटी थांबलीस, तर चालणं-फिरणं त्या थांबण्यानेच जाऊ शकतं. दुखणं सोसत थोडं थांबता येतं गं, पण हातापायांची शक्ती जात असताना थांबायचं नसतं.