चूल पेटविण्यासाठी स्वयंपाकघरातील पेटवण

मृग लागला की सरपण ओलसर होते आणि सकाळची चूल पेटता पेटत नाही. मे 2016 पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरी गॅस आला. तरीही आंघोळीचे पाणी, भाकरी, जनावरांचे आंबोण, हुरडा आणि लग्नकार्यातील स्वयंपाक यांसाठी चूल लागतेच. अशा वेळी पुष्कळ घरांत सरपणावर रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल ओतले जाते. ही सवय जिवावर बेतणारी आहे. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यावर असे इंधन पडले की त्याची वाफ होते. ती क्षणात भडकते आणि ज्वाळा ओतणाऱ्याच्या हातापर्यंत येते. साडीचा पदर पेटून भाजण्याचे अपघात असेच होतात. शिवाय पाण्याच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल लहान मुले पितात, हा धोका वेगळाच.

या सर्वांना पर्याय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. खाण्याच्या काही वस्तू आणि त्यांची टाकाऊ टरफले उत्तम पेटवण म्हणून वापरता येतात.

खाण्याचा पदार्थ का जळतो?

अन्नात उष्णता साठलेली असते. 1 ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे 4 किलोकॅलरी, तर 1 ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे 9 किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे ज्या पदार्थात तेल जास्त आणि पाणी कमी, तो चांगला जळतो. शेंगदाण्यात व तिळात जवळजवळ निम्मे तेल असते, तर सुक्या खोबऱ्यात 60 टक्क्यांहून अधिक.

हे शाळेतील मुलांनाही दाखविता येईल. शेंगदाणा दाभणाच्या टोकावर टोचून मोठ्या माणसाने पेटवावा. तो मेणबत्तीसारखा जळतो. 1 ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे साडेपाच किलोकॅलरी उष्णता असते. ती सर्व उपयोगी पडली तर 100 मिलिलिटर पाणी 55 अंश सेल्सिअसने तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेत वाया जाते.

मग वाटीतील गोडेतेलाला काडी लावली तर ते का पेटत नाही? कारण खाद्यतेल सुमारे 300 अंशांच्या पुढे तापल्याशिवाय त्याची पेट घेण्याजोगी वाफ होत नाही. कापसाची वात थोडे थोडे तेल वर ओढते, त्या थोड्या तेलाची ज्योतीजवळ लगेच वाफ होते आणि ती जळते. निरांजन व समई याच तत्त्वावर चालतात. आपली पेटवणही याच तत्त्वावर तयार करावयाची आहे.

कोणत्या वस्तू वापराव्यात?

1) संत्र्या-मोसंबीची साल : सालीवरील बारीक ठिपक्यांमध्ये सुगंधी तेल असते. त्याचा बहुतांश भाग लिमोनिन या ज्वालाग्राही द्रव्याचा असतो. ताजी साल ज्योतीजवळ पिळली तर ठिणग्या उडतात, त्या याच तेलाच्या. मात्र ताज्या सालीत पाणी फार असल्याने ती स्वतः पेटत नाही. साली उन्हात कडकडीत वाळवाव्यात. वाळताना थोडे तेल उडून जाते, तरी साल चांगली पेटते व धुरालाही उग्र वास येत नाही. विदर्भातील बागायतदारांच्या घरी आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत साली भरपूर निघतात. त्या झाकणाच्या डब्यात भरून पावसाळ्यासाठी ठेवाव्यात.

2) नारळाची शेंडी व करवंटी : पिंजलेली शेंडी काडीने लगेच पेटते. करवंटीचे तुकडे उशिरा पेटतात, पण पेटल्यावर टिकून जळतात व चांगला निखारा देतात. म्हणून खाली शेंडी, वर करवंटी असा क्रम ठेवावा.

3) खवट झालेले खोबरे व तळण : खवट खोबऱ्याचा तुकडा, जुनी शेव, चकली किंवा कुरडई हे पदार्थ तेलामुळे चांगले पेटतात. खाण्याजोगा पदार्थ मात्र जाळू नये.

4) वापरलेले तळणीचे तेल : तेच तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने आरोग्यास घातक घटक तयार होतात. 1 जुलै 2018 पासून देशात यावर मर्यादा घातली असून, एकूण ध्रुवीय घटक 25 टक्क्यांहून जास्त झालेले तेल स्वयंपाकास वापरता येत नाही. असे तेल पूर्ण थंड करून गाळावे. दाणे काढलेल्या, वाळलेल्या मक्याच्या कणसाचे बोटभर तुकडे किंवा कापसाचे बोळे त्यात बुडवून निथळावेत आणि चूल पेटविताना वापरावेत.

5) भुईमुगाची टरफले : ती हलकी व कोरडी असल्याने मूठभर पुरतात. पण दाबून भरल्यास हवा मिळत नाही व नुसता धूर होतो.

साखरेची एक गंमतही सांगण्यासारखी आहे. साखरेच्या वडीला काडी लावली तर ती वितळते व करपते, पण सहज पेटत नाही. तिच्या कडेला चिमूटभर राख चोळली की ती ज्योतीने जळू लागते. राख येथे जळण्याची क्रिया सोपी करते. चुलीसाठी याचा उपयोग नाही, मुलांना विज्ञान समजावण्यास मात्र आहे.

चूल कशी लावावी?

प्रथम जुनी राख काढावी. मध्यभागी 3-4 साली किंवा तेलाचा एक तुकडा ठेवावा. त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बारीक ढलप्या आडव्या-उभ्या रचाव्यात, म्हणजे मधून हवा खेळते. काडी खालून लावावी. ढलप्यांनी पेट घेतल्यावरच जाड लाकूड सारावे.

लाकूड वाळलेले असणे सर्वांत महत्त्वाचे. 10 किलो लाकडात 30 टक्के ओल असेल, तर त्यात 3 किलो पाणी असते. त्याची वाफ करण्यातच सुमारे 1,800 किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे सुमारे 400 ग्रॅम कोरडे लाकूड वाया जाते. धूर होतो तो वेगळाच, आणि तो घरातील बायका-मुलांच्या छातीत जातो. म्हणून पुढील दिवसाचे सरपण आदल्या रात्री गरम चुलीपासून हातभर अंतरावर वाळत ठेवावे.

काय टाळावे?

• काजूची कच्ची टरफले स्वयंपाकाच्या चुलीत जाळू नयेत. त्यांतील तेल दाहक असते, कातडीवर फोड येतात व धुराने डोळे आणि घसा चुरचुरतो. बिब्बाही तसाच.

• बुरशी आलेले शेंगदाणे पेटवण म्हणून घरात साठवू नयेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. ते जनावरांनाही घालू नयेत, घरापासून दूर खड्ड्यात पुरावेत.

• चांगली पेंड जाळू नये. तिचे मोल जनावराच्या गव्हाणीत जास्त आहे.

• जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. हे तेल हवेत सुकताना उष्णता बाहेर पडते. ढिगात ती कोंडली तर चिंध्या आपोआप पेट घेतात. इतर तेलांचे बोळेही लागतील तेवढेच करावेत. ते कडबा व गंजीपासून दूर, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

• पेटत्या चुलीत तेल ओतू नये व पीठ उधळू नये. हवेत पसरलेले कोरडे पीठ भडका घेते.

• कढईतील तेल पेटल्यास पाणी मुळीच टाकू नये. पाण्याची वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते. आच बंद करून कढईवर झाकण किंवा परात सरकवावी आणि ती थंड होईपर्यंत उचलू नये.

भाजल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. हळद, शाई, टूथपेस्ट किंवा तेल लावू नये. जखम स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा.

संत्र्याच्या साली उकिरड्यावर आणि वापरलेले तेल मोरीत टाकण्याऐवजी यंदा उन्हाळ्यातच पेटवणीचा एक डबा भरून ठेवावा. पावसाळ्यातील चूल वेळेवर पेटेल आणि रॉकेलची बाटली चुलीजवळ आणण्याची गरज उरणार नाही.