दमयंतीला आधीच कळलं होतं



आजचं वाचन: महाभारत, वनपर्व, नलोपाख्यान. पांडव काम्यक वनात आहेत. राज्य गेलंय. युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याइतका अभागी राजा तुम्ही कधी पाहिलाय का? ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. जुगारात हरलेल्या माणसाला जुगारात हरलेल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट.

या भागावर लिहायचं मी चार महिने टाळतोय. आज लिहून टाकतो.

मे महिन्यात आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं गोव्याला गेलो. गोरेगाव (आमचं गोंदिया जिल्ह्यातलं, मुंबईचं नव्हे) ते गोंदिया, तिथून नागपूर, आणि नागपूरहून मडगावची गाडी. मंगेशीला जाऊन आलो, पणजीच्या महालक्ष्मीचं दर्शन झालं, समुद्रात पाय भिजवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवीच्या काठावर उभे होतो. अंधार पडला की त्या कॅसिनोच्या बोटी अशा उजळतात की पाणीसुद्धा रंगीत दिसतं. मीच म्हणालो, एकदा बघून तर येऊ. पाच हजारांच्या वर एक रुपया नाही, हेही मीच ठरवलं.

थोडी माहिती, कारण मला ती नंतर कळली. गोव्याचा जुगाराचा कायदा 1976 चा. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली आणि 1996 च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांवर टेबलावरचे खेळ चालवायची वाट मोकळी झाली. आपल्या महाराष्ट्रानेही 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. आणि गंमत बघा, खुद्द गोव्याच्या रहिवाशांना 2020 पासून तिथे खेळायला मनाई आहे. ज्यांच्या नदीत बोट उभी आहे त्यांना दार बंद, गोंदियाहून आलेल्याला गालिचा.

आत गेलो. पैसे दिले की चिप्स मिळतात. नोटा मोजताना हात अडखळतो, चिप्स सरकवताना अडखळत नाही. मी रूलेटच्या टेबलापाशी थांबलो. एका शून्याचं चाक, 37 घरं: 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवं शून्य. लालवर लावले तर जिंकायची शक्यता 37 पैकी 18. म्हणजे लांबच्या हिशोबात प्रत्येक शंभर रुपयांमागे 2 रुपये 70 पैसे बोटीचे. हे मी इंजिनिअरिंगला शिकलोय, परीक्षेत मार्क मिळवलेत.

तरी माझ्या डोक्यात एक लूप तयार झाला. 500 लाव. हरलास तर 1,000. परत हरलास तर 2,000. कधीतरी लाल येणारच, आणि आलं की मागचं सगळं वसूल होऊन वर 500. पहिल्या तासात आठ वेळा हे जमलं. 4,000 रुपये वर. मला वाटलं, मी सिस्टम क्रॅक केली.

मग लागोपाठ सहा वेळा लाल आलं नाही. 500, 1,000, 2,000, 4,000, 8,000, 16,000. बेरीज 31,500. मधे दोनदा उठून काउंटरवर कार्ड घासून आलो. लागोपाठ सहा हार येण्याची शक्यता साधारण 55 त एक असते. त्या 55 मधला एक डाव माझ्याच वाट्याला येणार नाही, असं मी कुठल्या आधारावर धरलं होतं, कोण जाणे.

या मधल्या वेळात ही वरून कार्यक्रम बघून खाली आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, चला नं, जेवण बंद होईल." मी मान न वळवता म्हणालो, "दोन मिनिटं."

आता नळाकडे या. तो पुष्कराबरोबर कित्येक महिने खेळतोय. दमयंती येऊन सांगते, नगरातले लोक आणि मंत्री दारात उभे आहेत, तुम्हाला भेटायचं म्हणतायत. नळ उत्तरच देत नाही. ती परत येते, परत तेच. राज्य अजून पूर्ण गेलेलं नाही, पण बोलावणाऱ्याला ओ द्यायची शक्ती आधीच गेलीय. मग ती रडत बसत नाही. सारथ्याला बोलावते आणि दोन्ही मुलांना माहेरी, कुंडिनपूरला पाठवते. (आपल्या विदर्भाची लेक. अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर ते हेच, असं आपण मानतो.)

परतीच्या गाडीत हिने विचारलं, "किती गेले?" मी म्हणालो, "पाच. ठरलं होतं तेवढेच." खरे गेले होते 27,500. त्यातला बराचसा पैसा बाबांच्या विहिरीवरच्या मोटारपंपासाठी ठेवलेला. रोवणी महिन्यावर आली होती.

अकरा दिवस मी गप्प होतो. रोजचं वाचन चालू होतं, आणि त्यात हा प्रसंग आला. नळ आता रूप बदलून, बाहुक नावाने राजा ऋतुपर्णाचा सारथी झालाय. वाटेत ऋतुपर्ण एका झाडाकडे बघून पानं-फळं किती ते सांगतो. दोन फांद्यांवर 2,095 फळं! नळ म्हणतो, मी मोजल्याशिवाय मानणार नाही. रथ थांबवून मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची आणि संख्येची विद्या देतो, आणि त्याच क्षणी नळाच्या अंगातला कली बाहेर पडून त्या झाडात शिरतो.

ते झाड कुठलं? बिभीतक. आपला बेहडा. नागझिऱ्याच्या जंगलात बेहड्याची कमी नाही, आमच्याकडे लोक हिरडा-बेहडा वेचून विकतात. वेदकाळी याच बेहड्याच्या फळांचे फासे करत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अक्षसूक्त त्यांच्याबद्दलच आहे. त्यातल्या जुगाऱ्याची सासू त्याचा द्वेष करते, बायको दूर सारते, आणि शेवटी त्याला सांगितलं जातं की फासे सोड, शेत कर. मंडईतली झेंडीमुंडी आठवा, आणि फोनवरची ती ॲप्स, ज्यांच्यावर 2025 मध्ये कायद्याने बंदी आली. वस्तू बदलली, एवढंच.

मला खटकलं ते मोजणं. शक्यता मी फाडफाड सांगू शकत होतो, पण माझा स्वतःचा आकडा मी एकदाही कागदावर लिहिला नव्हता. त्या रात्री लिहिला. मग स्वयंपाकघरात गेलो आणि सुरुवात केली: तिथलं वातावरणच असं असतं, दिवे, गर्दी, माणसाचं डोकं...

"किती, ते सांगा."

"साडेसत्तावीस."

ही पोळी उलटत म्हणाली, "मले त्याच रात्री समजलं होतं. जॉइंट खातं हाये, माह्या फोनवर बी मेसेज येते."

मग उरलेलं नलोपाख्यान मी वेगळ्या डोळ्यांनी वाचलं. रथाचा आवाज ऐकूनच दमयंतीला वाटतं, हा नळ. ती दासी केशिनीला पाठवते, बाहुकाने रांधलेलं चाखून बघते, मुलांना त्याच्याकडे पाठवते. तिची खात्री होते. तरी ती 'तुम्ही नळ आहात' असं म्हणत नाही. झोपलेल्या बायकोला जंगलात टाकून जाणारा कुणी माणूस पाहिलाय का, असं विचारते. त्याने बोलावं म्हणून जागा ठेवते. आणि नळ काय म्हणतो? ते मी केलं नाही, कलीने केलं. मी इथे मोठ्याने हसलो. माझ्या दिव्यांचं आणि गर्दीचं भाषण हेच होतं.

एक गोष्ट मला अजून पचत नाही, तीही सांगतो. शेवटी नळ पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि जिंकतो. त्या डावात तो पणाला लावतो ती दमयंतीच, बाकी धनासकट. पहिल्या वेळी पुष्कराने तिला लावायला सांगितलं तेव्हा हाच माणूस न बोलता उठून गेला होता. विद्या आली म्हणून हे चालतं का? कीर्तनात हा भाग सहसा पटकन उरकतात. कुणी यावर नीट वाचलं असेल तर मला जरूर कळवा.

मोटारीचं बाबांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्या हंगामात शेजाऱ्याचं इंजिन तासाच्या भाड्याने आणलं. आता दर महिन्याला माझ्या पगारातून 2,500 वेगळे काढून हिच्या हातात देतो आणि ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाकी लिहिते. आज तिथे 17,500 आहे.

उद्या: बृहदश्व ही गोष्ट संपवून युधिष्ठिराला काय देतात, ते वाचू.