पावती हातात पडली पाहिजे

संगमनेर तालुक्यातल्या एका गावात बसून मी सॉफ्टवेअर लिहितो. काही काम पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं, काही आसपासच्या दूध संकलन केंद्रांचं. पोटापाण्याला पहिलं पुरतं. शिकायला मिळालं ते बहुतेक दुसऱ्यातून. त्यातलं थोडं इथे मांडतो.

१. हिशोब ज्याचा आहे, त्याला तो तपासता आला पाहिजे.

उजाडायच्या आत केंद्रावर कॅनची रांग लागते. दूध आधी काट्यावर, मग नमुना यंत्राखाली. थोड्या वेळात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि दर पडद्यावर येतात. तरी एक आजी जागच्या हलत नाहीत. “पोरा, चिठ्ठी दे. त्या डब्यावरचं मला दिसतंय व्हय?” चिठ्ठी घेऊन त्या बल्बखाली जातात, फॅटच्या आकड्यावर अंगठ्याचं नख ठेवतात, पिशवीतून कालची चिठ्ठी काढून शेजारी धरतात. पटलं की दोन्हींची एकत्र घडी. दहा दिवसांनी बिल निघालं की नातवाला बसवून सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज करून घेतात.

गाईच्या दुधाचा दर आपल्या राज्यात सहसा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली एकेका पॉइंटला पैसे कापले जातात. एसएनएफ काढायचं सूत्र छोटं आहे. लॅक्टोमीटरच्या आकड्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्यात फॅटचा ठरावीक भाग मिळवायचा आणि वर एक स्थिरांक. हा स्थिरांक सगळीकडे एकच नसतो. म्हणजे तेच दूध दोन ठिकाणी दोन एसएनएफ दाखवू शकतं, आणि कुणीही काटा मारलेला नसतो. म्हणून वापरलेलं सूत्र मी पावतीच्या तळाशी छापतो. कागद जास्त जातो अशी कुरकूर होते. त्यावर मी मागे हटत नाही. ज्या घरात दहा दिवसांचा किराणा दुधाच्या बिलावर चालतो, त्या घराला आकडा कुठून आला हे विचारायचा हक्क आहे, आणि उत्तर कागदावर हवं.

२. पैसे पूर्णांकात साठवा.

नव्याने या कामात येणाऱ्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो. संगणक आतून शून्य आणि एक यांवर चालतो. त्या पद्धतीत ०.१ ही साधी संख्या नेमकी लिहिताच येत नाही, अगदी थोडी पुढेमागे होते. एका पावतीत ते कळत नाही, हजारो पावत्यांच्या बेरजेत पैसे इकडेतिकडे होतात. म्हणून रुपयांऐवजी पैसे मोजायचे, ३.६ फॅटऐवजी ३६ ठेवायचं, आणि दशांशचिन्ह फक्त छापताना द्यायचं.

३. नावावर काही बांधू नका.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. चौंडी जामखेड तालुक्यात, म्हणजे अहिल्याबाईंचं जन्मगाव आपल्याच जिल्ह्यातलं. ज्या प्रणालींत जिल्हा नावाने साठवला होता तिथे जुन्या नोंदी एकीकडे, नव्या दुसरीकडे अशी फाळणी होते. ज्यांनी जनगणनेचा ५२२ हा संकेतांक धरून ठेवला, त्यांना एका ओळीत बदल पुरतो. गाड्यांवरचं एमएच १६ तसंच आहे. मात्र जुनं नाव पुसू नका. कुणाच्या आजोबांचा दाखला त्याच नावाने शोधला जाणार आहे.

४. ज्याने माणसाला झोप मिळते ते तंत्रज्ञान मोठं.

शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन रानात जायचं, आणि प्रवरेच्या काठच्या उसात बिबट्या असतो हे आता लहान पोरांनाही माहीत आहे. वडील रात्री दारं धरायला गेले की आई पडवीतला दिवा मालवत नसे. आता रानात ठिबक आहे आणि मोटरीच्या पेटीत मोबाईल स्टार्टर. लाइट आली की फोनवर कळतं, घरबसल्या मोटर चालू होते. पण पेटी विकत घेताना एकच प्रश्न आधी विचारा: विहिरीचं पाणी तुटलं तर ती मोटर आपोआप बंद करते का? नसेल करत तर कोरडी चालून मोटर जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च अंगावर पडतो.

खरा उपाय पेटीच्या पलीकडचा आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्या पहिल्या प्रकल्पांतला एक आपल्या जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. शेतीच्या प्रत्येक वीजवाहिनीवर हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. मग माझ्यासारख्याच्या हुशारीची इथे गरजच उरू नये.

५. आधी मोजा, मग भांडा.

प्रोग्रॅम हळू चालतोय म्हटलं की प्रत्येकाकडे एक संशयित तयार असतो. तेव्हा मी हिवरे बाजारचं उदाहरण देतो. आपल्याच जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं गाव. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात तिथे पाण्याचा ताळेबंद सुरू झाला: पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर उन्हाळी पिकं कमी. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा नियमही गावाचाच. आकडे सगळ्यांसमोर असल्यामुळे ते निभावतं. एवढा कठीण निर्णय गावकरी एकत्र बसून घेऊ शकतात, तर आम्ही चार प्रोग्रॅमर वेळ मोजल्याशिवाय एकमेकांच्या कोडवर बोट का ठेवतो?

६. छंदाचा हिशोब ठेवू नका.

बारी गावातून कळसूबाई चढताना मी पावलं मोजणारं घड्याळ घरी ठेवतो. १६४६ मीटर उंची ठाऊक आहे, तेवढा आकडा पुरे. शिडीच्या लोखंडाचा गारवा तळहाताला लागला की आठवडाभर कीबोर्डवर आखडलेली बोटं मोकळी होतात.

७. बॅकअप परत उतरवून पाहिलेला नसेल तर तो आहे असं धरू नका.

माझा दुसरा छंद परसातला: गावठी घेवडा आणि वाल. त्याचं वेड राहीबाई पोपेरे यांच्यामुळे लागलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाईंनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथून नेलेलं बी दुपटीने परत द्यायचं, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. बी डब्यात नुसतं ठेवलं तर वर्षागणिक त्याची उगवण घटत जाते. ते कुणाच्या तरी रानात पेरलं गेलं, शेंगा धरल्या, वाळवून परत आलं, तरच वाण टिकला म्हणायचा. डेटाचं तंतोतंत तसंच आहे. केंद्रांचा बॅकअप रोज रात्री आपोआप होतो, हिरवी खूणही दिसते; त्या खुणेवर मी विसंबत नाही. महिन्यातून एकदा कुठल्याही एका केंद्राची फाईल उचलतो, कोऱ्या संगणकावर उतरवतो आणि तिच्यातून जुन्या तारखेची एक पावती छापतो. मग केंद्रचालकाला फोन करतो: “अण्णा, वहीत त्या दिवशीचं लिटर आणि फॅट बघा बरं.” ते वही काढतात, वाचतात, मी पावतीवर बोट फिरवतो. दोन्ही जुळलं की पुढच्या महिन्यात दुसऱ्या केंद्राची फाईल.