स्पॅनिश भाषेतील ‘जाणे’ : गंतव्य आणि संकल्प

परकी भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला आरंभीच दोन गोष्टी सांगता याव्या लागतात : आपण कोठे जातो आणि आपण काय करणार आहोत. मराठीत या दोहोंसाठी निराळ्या रचना आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ६ अधिकृत भाषांपैकी एक असलेल्या स्पॅनिशमध्ये मात्र ‘ईर’, म्हणजे ‘जाणे’, हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते.

‘बोय’ म्हणजे मी जातो किंवा जाते. येथे लिंगभेद नाही. ‘बास’ म्हणजे तू जातोस, ‘बा’ म्हणजे तो किंवा ती जाते, ‘बामोस’ म्हणजे आम्ही जातो आणि ‘बान’ म्हणजे ते जातात. मूळ ‘ईर’ आणि ही रूपे यांत साम्य दिसत नाही, कारण लॅटिनमधील दोन भिन्न क्रियापदे येथे एकत्र आली आहेत. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपले ‘जातो’ हे संस्कृत ‘या’ धातूपासून, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूपासून आले आहे.

गंतव्य स्थान

मराठीत आपण पुण्याला, शाळेत, घरी जातो. स्पॅनिशमध्ये या सर्व ठिकाणी ‘आ’ हे एकच अव्यय पुरते. ‘बोय आ माद्रिद’ म्हणजे मी माद्रिदला जातो. पुढे ‘एल’ हे पुल्लिंगी उपपद आल्यास दोहोंचा संधी होऊन ‘आल’ होते : ‘बोय आल मेरकादो’, मी बाजारात जातो.

पुढील बेत

याच ‘आ’ पुढे स्थानाऐवजी क्रियापदाचे मूळ रूप ठेवले की बेत व्यक्त होतो. ‘बोय आ कोम्प्रार’ म्हणजे मी खरेदी करणार आहे. येथे बोलणारा जागचा हलेलच असे नाही. ‘बा आ योबेर’ म्हणजे पाऊस पडणार आहे. त्यात कोणीच कोठे जात नाही. म्हणून या रचनेचे भाषांतर ‘करायला जातो’ असे न करता बहुधा ‘करणार आहे’ असे करावे. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीय अभ्यासकाने अधिक सावध राहावे. पोर्तुगीजमध्ये अशा वाक्यात मधले ‘आ’ येत नाही. स्पॅनिशमध्ये ते गाळणे ही चूक ठरते.

जाणे की येणे?

कोणी हाक मारली असता मराठी माणूस ‘आलो’ म्हणतो. स्पॅनिश माणूस ‘बोय’, म्हणजे ‘जातो’, असे उत्तर देतो. आपण हाक मारणाऱ्याच्या जागेवरून विचार करतो, तो स्वतःच्या जागेवरून. हा भेद न जाणणाऱ्याला, बोलावलेला मनुष्य निघून चालला, असेच वाटेल. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. तो कोणाच्या जागेवरून बोलला गेला, हे मात्र शिक्षकानेच विद्यार्थ्याला दाखवून द्यावे लागते.