जुन्या वस्त्रांची गोधडी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२; मत्तय ९:१६; निर्गम २२:२६, २७



यापो नगरातील तबीथा, जिला दुर्कस असेही म्हणत, हिचा वृत्तांत आपणांस परिचित आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ उभ्या राहिल्या व तिने हयातीत शिवलेली वस्त्रे त्यांनी त्यास दाखविली. तिने केलेले एखादे भाषण शास्त्रात नमूद नाही. तिच्या सुईची साक्ष मात्र नमूद आहे. आपल्या देशातही हा धडा गिरविला गेला आहे. पंडिता रमाबाई यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापिले. पुढे केडगाव येथील मुक्ति मिशनात निराधार स्त्रियांस शास्त्राबरोबर शिवण व विणकामही शिकविण्यात आले.

आजचा पाठ गोधडी शिवण्याचा आहे. पेण व रोहे या तालुक्यांत पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. कापूस भरलेल्या रजईस येथे ओल धरते, ती घरी धुता येत नाही, आणि धुतलीच तर आतील कापसाचे गोळे होतात. गोधडीत कापूस नसून जुन्या कापडाचे थर असतात. थराथरांमध्ये कोंडलेली हवा ऊब देते, व ती गोधडी नदीवर धुऊन एका उन्हात वाळविता येते. म्हणून आपल्या आज्यांनी जी रीत धरली ती केवळ गरिबीची नव्हे, शहाणपणाचीही होती. भातकापणी व झोडणी आटोपली म्हणजे या कामास हात घालावा आणि पावसापूर्वी ते संपवावे.

कापडाची निवड. सुती कापडच घ्यावे. हल्लीच्या पॉलिएस्टरच्या साड्या घाम शोषीत नाहीत, सुईखाली निसटतात व चुलीची ठिणगी पडल्यास वितळून अंगास चिकटतात. जुने लुगडे, धोतर, पंचा, चादर यांतील प्रत्येक तुकडा दोन हातांत धरून ताणून पाहावा. टिकेल तो वरच्या व खालच्या पदरासाठी ठेवावा. विरलेला असेल तो मधल्या थरांस लावावा. गुंड्या, आकडे व जाड शिवणी काढून टाकाव्या, कारण त्यांवर सुई मोडते. नऊवारी लुगड्याचे चार सारखे भाग केले म्हणजे प्रत्येक भाग सव्वादोन वार, अर्थात साडेचार हात लांब होतो. एका माणसाच्या पांघरुणास एवढी लांबी पुरते, आणि एकाच लुगड्यात चार थर मिळतात. नवशिक्या भगिनीने चारपाच थरांहून अधिक घेऊ नयेत. अधिक घेतल्यास सुई जात नाही व गोधडी लवकर वाळत नाही.

नवे कापड आणि जुने कापड. येथे प्रभूचा दाखला अक्षरशः खरा ठरतो. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्रास कोणी लावीत नाही, कारण ते ठिगळ जुन्यास ओढते आणि फाटलेले अधिकच फाटते, असे त्याने सांगितले. या ओळी लिहिणारीने तो दाखला अनेकदा वाचला होता, तरी आपल्या पहिल्या गोधडीस न भिजविलेल्या मांजरपाटाचे अस्तर लाविले. पहिल्याच धुण्यात मांजरपाट आटला, वरचे जुने लुगडे सुरकुतले आणि टाक्याटाक्यापाशी चिरत गेले. महिनाभराचे श्रम व्यर्थ झाले. म्हणून नवे कापड वापरणे भागच पडले तर ते रात्रभर पाण्यात भिजवावे, धुवावे, कडक उन्हात वाळवावे, व हे दोनदा करावे; मगच त्यास जुन्याच्या संगतीस आणावे.

थर मांडणे. झाडून स्वच्छ केलेल्या जमिनीवर खालचा पदर सुलटी बाजू जमिनीकडे करून पसरावा. चारी कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवावा. त्यावर मधले थर अंथरून हाताने सुरकुत्या काढाव्या. तुकडे जोडावयाचे असतील तर एकाची कड दुसऱ्यावर दोन बोटे चढवावी. मात्र सर्व थरांतील जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत, नाहीतर तेथे गाठ होते. शेवटी वरचा पदर घालावा. वरचा व खालचा पदर मधल्या थरांहून चोहोंकडे दोन बोटे मोठे असावेत, म्हणजे कडा आत दुमडता येतात.

कच्चे टाके. लांब लांब कच्चे टाके मध्यापासून कडेकडे घालीत जावे. त्यामुळे ढिले कापड बाहेर सरकते. ही पायरी गाळली व एकदम कडेपासून पक्की शिवण धरली, तर सगळा ढिलेपणा मध्यभागी जमून फुगा येतो. नवशिक्यांच्या हातून बहुधा हीच चूक होते.

धावदोरा. दोरा दुहेरी घ्यावा, पण हाताच्या लांबीहून मोठा नसावा. मोठा दोरा गुंततो व झिजतो. गाठ थरांच्या आत लपवावी. कडा आत दुमडून प्रथम चारी बाजूंनी शिवण घालावी. मग तिच्या आत दोन बोटांवर दुसरी, तिच्या आत तिसरी, असे चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत यावे. टाका भाताच्या दाण्याएवढा असावा. डावा हात गोधडीखाली ठेवून प्रत्येक टाक्यास सुईचे टोक बोटास लागते की नाही हे पाहावे. लागले नाही तर खालचा पदर सुटला असे समजावे. दोरा फार ओढल्यास गोधडी आखडते. ढिला सोडल्यास निजलेल्या लेकराची बोटे टाक्यांत अडकतात. दोरा संपताना त्याच जागी दोन उलटे टाके घालून शेवट आत दडवावा. सर्व पुरे झाल्यावर कच्चे टाके उसवावे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी लोकांच्या भगिनी, ज्यांत पुष्कळ ख्रिस्ती आहेत, अशाच प्रकारे कडेपासून आत शिवीत कवंदी तयार करितात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लाविल्यावाचून ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. गरजेच्या वस्तूस शोभा देणे हा अपव्यय नव्हे.

निगा. गोधडी ओलसर असता घडी करू नये. पावसाळ्यापूर्वी तीस उन्हे द्यावी. जेथे विरेल तेथे वरून धुतलेले ठिगळ लावून पुन्हा धावदोरा घालावा. अशी गोधडी जुनी होता होता दाट होत जाते.

बोध. निर्गमात देवाने आज्ञा केली की शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे, कारण त्यावाचून तो कशात निजेल? गरिबाच्या पांघरुणाची चिंता स्वतः देव वाहतो. मग हप्त्याने ब्लँकेट घेऊन ऋणात पडण्यापूर्वी घरातील जुनेर उघडून पाहणे बरे नव्हे काय?

आणखी एक सूचना. प्रत्येक मंडळीने या हिवाळ्यात एक गोधडी मिळून शिवावी. प्रत्येक घराने एक तुकडा आणावा, व तयार झालेली गोधडी मंडळीतील अथवा मंडळीबाहेरील ज्यास गरज असेल त्यास द्यावी. आपण निरनिराळ्या जातींतून आलो आहो. ज्या घरांचे कापड आपले पूर्वज शिवतही नव्हते, त्या घरांचे तुकडे तेथे आपल्या तुकड्यांस टाक्याने जोडले जातील. त्या वेळी एखादा तुकडा हळूच बाजूस सारावा असे मनात आले, तर कोरे ठिगळ कोठे आहे हे आपणांस कळेल. ते कापडात नसून आपल्या हृदयात असेल, व प्रथम तेच धुवावयास पाहिजे.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. विधवांनी पेत्रास वस्त्रे का दाखविली?

२. कच्चे टाके मध्यापासून, व पक्की शिवण कडेपासून का?

३. कोरे ठिगळ जुन्या वस्त्रास का फाडते? आपल्या मंडळीत असे ठिगळ कोणते?

४. आपल्या गावात या हिवाळ्यात पांघरुणावाचून कोण आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर वर्ग संपवू नये. तेथूनच सुईत दोरा ओवावा.