बाई यायच्या आधी

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

नाळ पडली, बेंबीही कोरडी झाली, असं ताईने फोनवर सांगितलं. म्हणजे पुसून घेणं संपलं, आता न्हाऊ घालायचं. उद्यापासून बाई येणार आहेत, म्हणून आजच लिहिते.

दुपटं, टोपडं, झबलं, लंगोट सगळं आधी हाताशी घे. पंखा बंद कर. कढत पाण्यात विसण घालायची आपली सवय, पण बाळासाठी उलटं कर. बादलीत आधी गार, मग कढत. नीट ढवळून कोपर बुडव. कोमट लागलं की झालं. बोटांवर विसंबू नकोस, स्वयंपाकाने ती निबर झालेली असतात. तुमचा गिझर गॅसचा आहे ना? मग खिडकी उघडी ठेवून पाणी भर, गिझर बंद कर आणि मगच बाळीला आत ने. कोंदट न्हाणीत त्याचा विषारी वायू साठतो, आणि त्याला वासही नसतो.

पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आपली रीत मला फार पटते. पाटावर पाय पसरून बसलं की दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ नेमकं बसतं आणि पाणी खाली वाहून जातं, साचत नाही. डोक्यावर पाणी घेताना कपाळाशी तळहात आडवा धरायचा. मानेच्या घडीत दूध ओघळून आंबतं, तिथे, काखेत आणि जांघेत हलकं बोट फिरव. मुलगी आहे, तेव्हा पुढून मागे धुवायचं. पाच-दहा मिनिटं पुष्कळ झाली. मध्येच दाराची बेल वाजली तर वाजू दे.

आता बाईंचं. मालिश हलक्या हाताने खुशाल करू देत. पण नाकात तेल अजिबात नाही; ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. कानातही नको. छाती दाबून 'दूध' काढायला लागल्या तर तिथेच हात धर. आईच्या संप्रेरकांमुळे आलेली ती सूज आपोआप उतरते, दाबली तर पिकते. धुरी नको, पावडर नको. घड्या टिपून कोरड्या केल्या की पावडर हवीच कशाला?

बाईंपुढे तुझं-माझं काही चालायचं नाही, डॉक्टरांचं नाव पुढे कर. तरीही ऐकल्या नाहीत, तर मालिश त्यांच्याकडे राहू दे आणि न्हाऊ घालायला जावईबापूंना बसव. पाटावर मांडी घालून जेवता येतं त्यांना, पाय पसरून बसणंही जमेल.

तुझी,
मावशी