ओडिसी संगीतातील काव्यपरंपरा

चार धामांपैकी पूर्वेचे धाम म्हणून श्रीक्षेत्र जगन्नाथपुरीचे माहात्म्य महाराष्ट्रातील भाविकांस सुपरिचित आहे. रथयात्रा, महाप्रसाद व समुद्रस्नान यांची माहिती बहुतेक यात्रेकरू घेऊनच निघतात. मात्र श्रीजगन्नाथाच्या सेवेत भोग, वस्त्र आणि पुष्पे यांच्या बरोबरीने कविताही अर्पण होत आली आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. आज ज्यास ओडिसी संगीत म्हणतात ते मुख्यत्वे या काव्यसेवेच्या आश्रयाने वाढले. या संगीतात शब्दास अग्रमान आहे. बहुतेक पदांवर राग आणि ताल यांचा निर्देश असतो, आणि गायकाने अक्षर न मोडता, अर्थ झाकोळू न देता ते म्हणावे अशी अपेक्षा असते.

या सेवेचा एक लेखी पुरावा मंदिरातच आहे. सिंहद्वारासमोर उभा असलेला अरुणस्तंभ नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत (१७५१ ते १८०३) कोणार्कहून आणून तेथे उभारण्यात आला, हे मराठी यात्रेकरूंस ठाऊक असते. तेथून आत जाऊन गर्भगृहाच्या दिशेने निघाले की जयविजय द्वार लागते. या द्वारापाशी गजपती प्रतापरुद्रदेवाचा इ.स. १४९९ चा ओडिया शिलालेख आहे. त्यातील आज्ञा अशी की, भोगाच्या वेळी देवापुढे जे नृत्यगायन होते त्यात जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’वाचून दुसरे काही गाऊ नये, आणि नर्तकींनी दुसरे गीत शिकूही नये. चार वैष्णव गायकांनी हेच काव्य गावे आणि ज्यांस येत नसेल त्यांनी त्यांच्याकडून ऐकून शिकावे. जो अधिकारी जाणूनबुजून दुसरे गीत गाऊ देईल तो जगन्नाथाचा द्रोही ठरेल, असेही बजावले आहे. एका कवीच्या एका ग्रंथास राजाज्ञेचे असे संरक्षण मिळाल्याचे उदाहरण विरळाच. ‘ऐकून शिकावे’ हे त्यातील कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे, कारण पुढील पाचशे वर्षे ही कविता टिकली ती प्रामुख्याने याच मार्गाने.

जयदेव बाराव्या शतकातील. त्याची जन्मभूमी ओडिशातील प्राची नदीकाठचे केंदुली की बंगालमधील अजय नदीकाठचे केंदुली, हा वाद जुना आहे आणि दोन्हीकडील लोक तो मोठ्या प्रेमाने चालवितात. काव्य संस्कृतात आहे, सर्ग बारा आणि गीते चोवीस. प्रत्येक गीतास मालव, गुर्जरी, वसंत, देशाख्य, वराडी, भैरवी यांसारख्या रागाचे नाव जोडलेले आहे. जयदेवाच्या काळच्या मूळ चाली आज उपलब्ध नाहीत. परंतु ध्रुवपद आणि कडवी यांची जी घडण त्याने वापरली तिचे वळण पुढील ओडिया पदरचनेत स्पष्ट दिसते.

रात्री देवाच्या शयनापूर्वी जो अखेरचा शृंगार होतो त्यास ‘बडसिंघार’ म्हणतात. त्या वेळी देवास नेसविल्या जाणाऱ्या खंडुआ नावाच्या रेशमी वस्त्रावर गीतगोविंदातील श्लोक विणलेले असतात. कटक जिल्ह्यातील नुआपाटणा येथील विणकर हे वस्त्र तयार करतात. विणण्यापूर्वीच सूत ठिकठिकाणी बांधून रंगवावयाचे आणि मग मागावर धागे जुळून अक्षरे उमटवावयाची, असे हे किचकट काम आहे. याच समयी महारी, म्हणजे देवाच्या सेवेस वाहिलेल्या स्त्रिया, गीतगोविंद गात असत. आत गाणाऱ्या महारींस ‘भितर गाउणी’ अशी संज्ञा होती. काव्य देवाच्या अंगावरही होते आणि कानावरही पडत होते.

संस्कृतातून ओडियाकडे वळल्यावर भाषेचा एक विशेष सांगणे अगत्याचे आहे. ओडियात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो. आपण ‘जगन्नाथ्’ असे म्हणतो, तर तेथे ‘जगन्नाथ’ हा शब्द चारही अक्षरे पूर्ण उच्चारून ऐकू येतो. त्यामुळे प्रत्येक अक्षर स्वरांत होते आणि तालाच्या मात्रेवर सहज बसते. आपल्याकडेही भजन म्हणताना शेवटचा ‘अ’ लांबविला जातो, परंतु तेथे ही बोलण्याचीच रीत आहे. मराठीतील ‘ळ’ ओडियातही असून ‘ऋ’ चा उच्चारही मराठीप्रमाणे ‘रु’ असाच होतो. लक्ष देऊन ऐकणाऱ्या मराठी श्रोत्यास त्यामुळे ही पदे वाटतात तितकी परकी राहत नाहीत.

ओडिया काव्यातील सर्गास ‘छांद’ म्हणतात. छांदाच्या शीर्षस्थानी रागाचे नाव असते, किंवा ‘बाणी’ दिलेली असते. बाणी म्हणजे चाल. अमुक एका प्रसिद्ध रचनेप्रमाणे हा छांद म्हणावा, एवढा तो निर्देश असतो. छांद गाऊनच वाचावयाचा, ही समजूत त्यामागे आहे. या प्रकाराचा अधिपती म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळातील घुमुसरच्या राजघराण्यातील उपेंद्र भंज, ज्यास ओडिया जन ‘कविसम्राट’ म्हणतात. त्याचे ‘वैदेहीश विलास’ हे रामकथेवरील काव्य ५२ छांदांचे असून त्याची प्रत्येक ओळ ‘ब’ या अक्षराने आरंभ होते (ओडियात ‘वैदेहीश’चा उच्चार ‘बइदेहीश’ असा होतो). त्याच्याआधी दीनकृष्ण दासाने ‘रसकल्लोळ’ याच रीतीने ‘क’ अक्षरावर रचले होते. ओष्ठ्य वर्ण टाळून रामायण लिहिणाऱ्या मोरोपंतांच्या वाचकांस हे अक्षरनियमांचे वेड नवे वाटणार नाही. १८९० च्या दशकात ओडिशातील नियतकालिकांतून या काव्याविषयी कडाक्याचा वाद झाला. शब्दांची कसरत आणि शृंगाराचा अतिरेक असा एका पक्षाचा आक्षेप होता. आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता, पण तो केवळ छापील पानावर काव्य वाचणाऱ्यांचा होता. छांद चालीवर ऐकला असता तेच अनुप्रास तालाचे ठोके होऊन येतात.

या परंपरेचे शिखर म्हणावे असे काव्य कविसूर्य बलदेव रथ (१७८९–१८४५) यांचे ‘किशोरचंद्रानन चंपू’ होय. चंपू म्हणजे गद्यपद्यमिश्रित रचना. यातील निवेदन संस्कृतात आणि गीते ओडियात आहेत. गीते ३४, ती ‘क’ पासून ‘क्ष’ पर्यंत वर्णमालेच्या क्रमाने येतात, आणि गीताच्या सर्व ओळी त्या त्या अक्षरानेच सुरू होतात. पात्रे तीनच: राधा, कृष्ण आणि त्यांची मनोगते इकडून तिकडे पोहोचविणारी सखी ललिता. प्रत्येक गीताचा राग व ताल ठरलेला आहे. एवढ्या बंधनांत राधेचे बोलणे अगदी घरगुती राहते, हेच कवीचे सामर्थ्य. रागावणे, चिडविणे, लोकलाजेने बोलता बोलता थांबणे, हे सर्व त्यात आहे. ललिता कधी समजूत घालते, कधी टोमणा मारते. चंपू नेटकेपणाने गाता येणे हे आजही ओडिसी गायकाच्या कसोटीचे मानले जाते. त्याच सुमारास पारळाखेमुंडीचे गोपाळकृष्ण पट्टनायक यांनी राधाकृष्णाची पदे रचली. ती तुलनेने सोपी व अधिक कोमल आहेत आणि घरोघरी पोहोचली.

भाविकांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रकार ‘जणाण’. जणाण म्हणजे निवेदन, गाऱ्हाणे. भक्त जगन्नाथापुढे आपले दुःख मांडतो आणि प्रसंगी देवाशी भांडतोही. कविसूर्यांनी तर एका जणाणात खुद्द जगन्नाथास सर्पाची उपमा दिली आहे. पंढरीच्या विठ्ठलास खडे बोल सुनावणारी संतवाणी ज्यांच्या कानांवर आहे त्यांस यातील माया कळेल.

सतराव्या शतकातील सालबेग या कवीची कथा येथे सांगितलीच पाहिजे. त्याचा पिता मोगल सरदार, तर माता हिंदू होती, असे परंपरा सांगते. युद्धात जखमी झालेला सालबेग मातेच्या सांगण्यावरून देवाचे स्मरण करून बरा झाला आणि जगन्नाथाचा भक्त बनला. मुसलमान पित्याचा पुत्र म्हणून त्यास मंदिरात प्रवेश नव्हता. एके वर्षी तो वृंदावनाहून परतत असताना रथयात्रेस वेळेवर पोहोचू शकला नाही, तेव्हा तो येईपर्यंत रथ जागचा हलला नाही, अशी आख्यायिका आहे. पुरीच्या बडदांड या राजमार्गावर त्याची समाधी असून रथयात्रेत जगन्नाथाचा नंदिघोष रथ तेथे थांबण्याची प्रथा आहे. ज्यास दारातून आत जाता आले नाही त्याची पदे ओडिशातील भजनांत अग्रस्थानी आहेत.

मंदिराबाहेर या कवितेचे जतन ‘गोटिपुअ’ मुलांनी केले. स्त्रीवेष धारण केलेली ही मुले स्वतः गात नाचत. गुरू केलुचरण महापात्र (१९२६–२००४) पुरीजवळील रघुराजपूरचे, आणि त्यांचे शिक्षणही याच परंपरेतून झाले. कवी कालिचरण पट्टनायक (१८९८–१९७८) आदींनी विसाव्या शतकात या कलेची शास्त्रीय बाजू मांडली. १९६४ साली भुवनेश्वर येथे उत्कळ संगीत महाविद्यालय स्थापन झाल्यावर छांद, चंपू व जणाण यांचे पाठ वर्गांतून होऊ लागले. सिंघारी श्यामसुंदर कर (१९०८–१९७५) आणि रघुनाथ पाणिग्राही (१९३२–२०१३) यांच्या गायनाने ही पदे दूरवर पोहोचली.

मंदिरातील परंपरा मात्र खंडित झाली. शशिमणी देवी २०१५ मध्ये आणि परशमणी देवी २०२१ मध्ये निवर्तल्या, आणि त्यांच्याबरोबर महारी सेवेचा अखेरचा दुवा गेला. पुस्तकांतून पाठ मिळतो, रागाचे नाव मिळते. परंतु बडसिंघाराच्या वेळी कोणते अक्षर किती थांबवावयाचे, हे ज्यांनी आपल्या आधीच्या महारीच्या तोंडून ऐकले होते त्यांच्यापैकी कोणी उरले नाही.

पुरीहून रघुराजपूर सुमारे १० ते १२ किलोमीटरवर आहे. तेथील पटचित्रे पाहण्यास अनेक यात्रेकरू जातात. त्यांनी गोटिपुअ मुलांचे गायनही अवश्य ऐकावे. मर्दळ हे पखवाजासारखे वाद्य साथीस असते. ओडिया समजत नसले तरी पदाच्या शेवटच्या कडव्याकडे लक्ष ठेवावे. आपल्या अभंगांप्रमाणेच अनेक पदांत तेथे कवीची नाममुद्रा येते, आणि जयदेव, सालबेग, गोपाळकृष्ण ही नावे शेवटच्या ‘अ’सह स्पष्ट ओळखू येतात.